शिसव म्हणजे काळा साग नव्हे: आजीच्या पलंगातून पेटी करू पाहणाऱ्याला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोकणातल्या घराची आवराआवर करताना आजीचा मोडका पलंग निघाला. चार कातीव पाय आणि दोन लांब पट्ट्या शाबूत आहेत, आणि घरातले सगळे म्हणतात की तो शिसवी आहे. त्यातून कॅनडात असलेल्या मुलीसाठी दागिन्यांची पेटी करायची आहे. आजवर तुमचा हात सागावर बसलाय. एका तुकड्यावर रंधा मारून पाहिला तर ढलपे निघाले, अळशीच्या तेलाचा हात दिला तर तीन आठवडे झाले तरी चिकटच. हे खरंच शिसव आहे का, आणि असेल तर असं का वागतंय?

तीसेक वर्षं मी लहान कामं करतोय. पेट्या, देव्हारे, वाद्यांच्या खुंट्या, क्वचित एखादी खुर्ची. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारी वाचूनच मला ते शिसव असल्याचा वास आला. साग असा वागत नाही. सागाने तुमचे लाड केलेत, आणि आता त्याच सवयींनी तुम्ही शिसवाकडे जाताय. खरी अडचण तिथे आहे.

आधी खात्री करून घ्या. पायाचा तळ किंवा पट्टीची आतली बाजू, जिथे पॉलिश कधी पोचलेलं नाही, तिथे पटाशीने नखाएवढी जागा ताजी करा. शिसव असेल तर आतून काळं निघणार नाही, हे लक्षात ठेवा. तपकिरी, त्यात जांभळट झाक आणि काळसर रेघा असं दिसेल. घरातला शिसवी पलंग काळाकुट्ट असतो तो पॉलिशच्या थरांनी, तेलाच्या हातांनी आणि कंदिलाच्या काजळीने. ‘शिसवासारखा काळा’ हे बोलायला ठीक आहे, पण ताजं शिसव पाहिलेला माणूस तसं म्हणणार नाही. ताज्या कापाला गोडसर, किंचित गुलाबाकडे झुकणारा वास येतो. इंग्रजीत त्याला रोझवुड म्हणतात ते त्या वासामुळे. फुलाशी त्याचा काही संबंध नाही.

आतून पिवळं निघालं तर तो फणस. कोकणात जुन्या फणसाला काळं पॉलिश मारून शिसव म्हणून मिरवणारी घरं बरीच आहेत, आणि फणसही वाईट लाकूड नाही. सोनेरी तपकिरी, कातड्यासारखा वास आणि वाढीची वर्तुळं स्पष्ट दिसत असतील तर साग. लालसर पिवळं असून भुसा पाण्यात टाकल्यावर पाण्यावर निळसर झाक आली तर बिजा, म्हणजे ज्याचे पेले मधुमेहावर म्हणून विकतात तो विजयसार. आणखी एक खूण: आडव्या चिरलेल्या, म्हणजे सालीला समांतर असलेल्या बाजूवर भिंगातून पाहिलं तर शिसवात आडव्या, अगदी बारीक लाटांसारख्या रेषा दिसतात. सागात त्या नसतात.

वजनही सांगतं. वाळलेलं शिसव घनफुटाला साधारण २३-२४ किलो भरतं, साग १८-१९. ‘खरं शिसव पाण्यात बुडतं’ असं ऐकलं असेल तर ते सोडून द्या. ते तरंगतं, फक्त बहुतेक अंग पाण्याखाली ठेवून तरंगतं. बुडतं ते आबनूस.

नावाचा घोळही निस्तरून टाकू, कारण पुढे कमी पडलं म्हणून बाजारात लाकूड घ्यायला गेलात तर हमखास फसाल. आपला शिसव म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया. सह्याद्री, दांडेली-कारवार, कूर्ग, वायनाड इकडचा. कानडीत बीटे, मल्याळीत ईट्टी. शोरूममध्ये ‘शीशम’ म्हणून जे विकतात तो बहुतेक वेळा त्याचा उत्तरेकडचा चुलतभाऊ, डालबर्जिया सिसू. हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांकाठी वाढणारा. सहारनपूरचं कोरीवकाम त्यातलं. तो फिका, सोनेरी तपकिरी, थोडा हलका, आणि गाभ्यात जांभळा रंग जवळजवळ नसतो. चांगलं लाकूड आहे, पण तुमच्या पट्टीशेजारी लावलंत तर ठिगळ दिसेल. झाडं पाहायला मिळाली तर पानांवरून ओळख सोपी आहे. सिसूच्या पर्णिकांना टोक असतं, आपल्या शिसवाच्या पर्णिका रुंद आणि टोकाला बोथट असतात. ‘लॅटिफोलिया’चा अर्थच रुंद पानांचा.

आता रंधा. शिसवाच्या रेषा एका थरात एकीकडे आणि पुढच्या थरात दुसरीकडे तिरक्या जातात. म्हणून एकाच फळीवर दोन बोटं रुंदीची पट्टी गुळगुळीत निघते आणि तिच्या शेजारच्या पट्टीतून ढलपे उडतात. फळी उलटी फिरवली की नेमकं उलटं होतं. सागावर तुम्ही दिशा पाहून रंधा मारता, इथे एक दिशाच नाही. त्यात शिसवाच्या छिद्रांत कधीकधी खडूसारखे पांढरे खनिजाचे कण साठलेले असतात. ते धारेचा बळी घेतात. सागावर सकाळी लावलेली धार संध्याकाळपर्यंत पुरते, शिसवावर मी तासाभराने पात्याला दगडावर दोन हात देतो. कठीणपणाच्या जान्का चाचणीत शिसव सागाच्या दुपटीच्या वर जातं, तेव्हा यात नवल नाही.

उपाय तीन. पातं कमालीचं धारदार ठेवा आणि काप इतका पातळ घ्या की पापुद्र्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. रंध्याची वरची पट्टी, म्हणजे पात्यावर बसते ती, धारेपासून केसभर मागे आणा. आणि हे करूनही ढलपा निघालाच तर हट्ट न धरता स्क्रेपर, म्हणजे खरवडायची पाती, घ्या. पत्र्याचा स्क्रेपर नसेल तर फुटलेली काच. आपले जुने सुतार शिसव काचेनेच खरवडायचे, आणि ताज्या फुटलेल्या काचेची कड कुठल्याही महागड्या हत्यारापेक्षा स्वच्छ काम करते. हातमोजा घाला, एवढंच. रंधा नेहमीपेक्षा उभ्या पात्याचा, म्हणजे ४५ ऐवजी ५०-५५ अंशांचा मिळाला तर उत्तम. पण एका पेटीसाठी नवा रंधा घेऊ नका.

त्याआधी चुंबक. पट्टीवर आणि पायांवर चांगला जोरदार चुंबक फिरवा. जुन्या पलंगांचे मूळ सांधे लाकडी खुंटीचे असतात, पण मधल्या पन्नास वर्षांत कोणीतरी येऊन खिळा ठोकलेला असतोच, आणि तो नेमका करवतीच्या वाटेत असतो. लाकडात काळा डाग दिसला तर खिळा तिथे आहे किंवा होता.

पेटीसाठी पट्ट्या वापरा, पाय नकोत. पट्टीची रेषा सरळ असते आणि लांबी मिळते, त्यामुळे पेटीच्या चारही बाजू एका सलग तुकड्यातून काढता येतात आणि कोपऱ्यावर रेघा वळून पुढे जातात. अशा रेघा वळवण्यातच शिसवाची शोभा असते. पाय कातीव असल्यामुळे त्यांतून सरळ फळी फार थोडी निघेल. त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगतो. पट्टीच्या कडेला फिकट पिवळट पांढरा भाग दिसला तर तो काढून टाका. बाहेरच्या त्या भागाला कीड लागते. आतला गाभा मात्र वाळवीलाही दाद देत नाही, म्हणून तर तुमच्या आजीचा पलंग आजवर टिकलाय.

बाजू ८ मिलिमीटर जाड पुरेत. पट्टी मधोमध चिरून दोन पातळ फळ्या काढल्या की लगेच कामाला घेऊ नका. आतला ताण मोकळा होतो आणि फळी वाकते. मध्ये काड्या ठेवून, वर वजन देऊन दोन-तीन आठवडे हवेशीर जागी ठेवा. जुनं लाकूड आहे, कोरडंच आहे, असं म्हणून मी एकदा ही पायरी गाळली. पेटी जोडल्यावर आठ दिवसांत झाकण एका कोपऱ्यावर उचललं गेलं. त्या गिऱ्हाइकाला ते झाकण पुन्हा करून दिलं, फुकट.

इतक्या पातळ लाकडाची भीती वाटू देऊ नका. गिटारची पाठ आणि कडा शिसवाच्याच, जाडी दोन-अडीच मिलिमीटर, आणि त्या कडा तापलेल्या नळीवर वाकवलेल्या असतात. त्या जागी पूर्वी ब्राझीलचं रोझवुड असायचं. ते मिळणं कठीण झालं तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये आपल्या नेहमीच्या गिटारसाठी भारतीय शिसव घेतलं, आणि मग बाकीचेही वळले. बोटाच्या पेराने पातळ फळीवर टकटक केलंत तर कळेल का ते. साग ‘ठप’ म्हणतो, शिसव काचेच्या भांड्यासारखं वाजतं. तबल्याच्या खोडाला आणि तंतुवाद्यांच्या खुंट्यांना ते आवडीने घेतात, त्यात खुंट्यांच्या बाबतीत कारण आवाजाचं नसून झिजत नाही हे आहे.

उलट १९ व्या शतकात मुंबईत याच लाकडाचं अवजड, पानाफुलांनी भरलेलं कोरीव फर्निचर व्हायचं. बॉम्बे ब्लॅकवुड म्हणून ते परदेशी गेलं. पारशी घरांत अजून दिसतं. कोरीवकामाची कड शिसवात धारदार राहते हे खरं, पण माझ्या मते एवढी नक्षी केली की लाकूड दिसतच नाही. तुमची पेटी साधी ठेवा. कोपऱ्याला डव्हटेल (एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांचा सांधा), झाकणाला एक सलग फळी, बस.

झाकणाबद्दल एक हिशेब. हे लाकूड ओलं ते पूर्ण वाळलेलं या प्रवासात रुंदीत सुमारे ५.८ टक्के आकसतं, पण चिरताना वाढीची वर्तुळं फळीवर उभी ठेवली तर फक्त २.७ टक्के. आपल्या पावसाळ्यातून कॅनडाच्या हिटर चालू असलेल्या हिवाळी घरात पेटी गेली की लाकडातला ओलावा सहा-सात टक्क्यांनी सहज उतरेल. १५० मिलिमीटर रुंद झाकण आडव्या चिरीचं असेल तर दोन मिलिमीटरच्या आसपास आकसेल, उभ्या चिरीचं असेल तर एकच. म्हणून झाकणाची फळी उभ्या चिरीची घ्या, चौकटीच्या खाचेत सुटी बसवा, डिंक फक्त मधोमध एक थेंब. चारही बाजूंनी चिकटवलीत तर पहिल्याच जानेवारीत फळीला चीर पडेल, आणि दोष शिसवाला लागेल.

आखणी पेन्सिलने करू नका, दिसणार नाही. चाकूने रेघ मारा आणि तिच्यावर पांढरा खडू घासून पुसा. रेघेत खडू राहतो. पितळी स्क्रू सरळ पिळलात तर मान मोडून आत राहील. आधी भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून एकदा आत-बाहेर, आणि शेवटी पितळी.

डिंक. शिसवात तेलकट द्रव्य असतं, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. आज रंधलेला सांधा आजच चिकटवा, उद्यावर टाकू नका. चिकटवण्याआधी ॲसिटोनने फडकं ओलं करून सांध्याची दोन्ही अंगं पुसा. फडकं जांभळट होईल, घाबरू नका. मग साधा पांढरा डिंकही धरतो. फार तेलकट तुकडा निघाला तर एपॉक्सी.

हेच तेलकट द्रव्य तुमच्या अळशीच्या तेलाचं कोडं सोडवतं. अळशीचं तेल ‘सुकतं’ म्हणजे हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. शिसवातली रसायनं नेमकी तीच क्रिया अडवतात. म्हणून महिनाभर वाट पाहिलीत तरी बोटं चिकटतील. तेलावर आधारलेलं वार्निश आणि थेट मारलेलं पीयू (पॉलियुरेथेन) यांचीही कधीकधी तीच गत होते. तुमचा तुकडा टर्पेंटाइनने पुसून काढा, स्क्रेपरने वरचा थर घ्या, आणि लाखेकडे या.

लाख शिसवाला कसलीही कुरबूर न करता धरते, आणि स्पिरिट उडालं की सुकलीच. मेण काढलेली लाख घ्या, १ लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम. रात्रभर विरघळू द्या, गाळून घ्या. पहिले दोन हात असे पातळ. मग छिद्रं भरायची. शिसवाची छिद्रं मोठी आणि उघडी असतात, तशीच ठेवली तर पृष्ठभाग आरशासारखा होणार नाही. तुम्हाला आरसा नको असेल तर हे सगळं गाळा. मला स्वतःला छिद्रं थोडी दिसलेली आवडतात. भरायचीच असतील तर पॉलिशवाले वापरतात ती नुसती खडू पावडर वापरू नका. आज दिसत नाही, पण काही वर्षांनी छिद्रांत पांढरे ठिपके उमटतात. तिच्यात काळा रंग मिसळा, किंवा प्युमिसची पूड आणि लाख एकत्र गोल गोल घासत भरा. वेळखाऊ आहे, पण शिसवाचाच भुसा छिद्रांत बसतो आणि रंग आपोआप जुळतो. त्यानंतर कापसाच्या बोळ्याने लाखेचे हात, मध्ये ४०० नंबरचा पेपर हलका. शेवटी मधमाश्यांच्या मेणाचा हात. पीयूच हवं असेल तर खाली मेण काढलेल्या लाखेचा हात देऊन मगच. मेणाच्या लाखेवर पीयू नीट धरत नाही.

पेटीत फिकट लाकडाची नक्षी जडवायचा विचार असेल तर सावध. म्हैसूरचे कारागीर शिसवात रंगीत लाकडं जडवतात आणि ते दिसतंही सुरेख, पण शिसवाचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो आणि शेजारचं पांढरं लाकूड जांभळं करतो. काळा भुसाही त्याच्या छिद्रांत बसतो. फिकट भागावर बारीक कुंचल्याने आधी लाख द्या, आणि नक्षीजवळ पॉलिश पेपर न घासता स्क्रेपर चालवा.

पॉलिश उतरवायला कॉस्टिक सोडा वापरा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. देऊ द्या, वापरू नका. जुनं पॉलिश बहुतेक लाखेचंच असतं, ते स्पिरिटच्या फडक्याने निघतं. आणि काळं पॉलिश पुन्हा तर अजिबात मारू नका. नाहीतर फणस वापरला काय आणि शिसव वापरलं काय.

धुळीची गोष्ट मी हसण्यावारी नेत नाही. शिसवाच्या भुशाची पुष्कळांना ॲलर्जी होते, आणि ती पहिल्या दिवशी होईलच असं नाही. कामाच्या तिसऱ्या वर्षी माझ्या मनगटांवर पुरळ उठला तेव्हा मी ते घामाचं समजलो. अजूनही बाही गुंडाळून शिसव घासलं की उठतो. नाकातोंडाला चांगला मास्क, पूर्ण बाहीचा शर्ट, आणि घासकाम अंगणात. काम झालं की आंघोळ.

राहिला कॅनडाचा प्रश्न. डालबर्जियाच्या सगळ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून साइटिस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या, ब्राझीलची जात वगळून, ती पहिल्या परिशिष्टात त्याआधीच होती. त्यामुळे लोकांमध्ये घबराट झाली, गिटारवाले तर हैराण झाले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून नियम सैल झाला. तयार वाद्यं, आणि एका पार्सलमध्ये या लाकडाचं वजन १० किलोपर्यंत असलेल्या तयार वस्तू यांना त्या करारातून सूट आहे. तुमची पेटी दीड-दोन किलोच्या वर जाणार नाही. पण सूट तयार वस्तूला आहे. मुलीला ‘तिकडेच जोड’ म्हणून सुट्या फळ्या पाठवू नका. दोन्हीकडच्या कस्टमचे आपापले नियम असतातच, तेव्हा पाठवण्याआधी कुरियरवाल्याला लाकडाचं नाव सांगून विचारा, आणि सोबत पलंगाचा फोटो ठेवा. आणि तुमच्या प्रश्नात शेवटी जे होतं, गावच्या बांधावर शिसवाचं झाड आहे ते तोडून आणखी लाकूड काढावं का, त्याचं उत्तर: परवानगीशिवाय नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यात शिसव आहे, स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी. शिवाय आज तोडलेलं लाकूड नीट वाळायलाच काही वर्षं जातील. तुमच्याकडे वाळलेल्या पट्ट्या पडल्या असताना ते झाड उभं राहू द्या.

आता पाय. एखाद्या कातारीला गाठा आणि त्यांतून पेटीची मूठ, पेटीखालचे चार बैठे पाय आणि उरलेल्यातून एक लाटणं काढून घ्या. चारांतला एक पाय मात्र तसाच ठेवा. पुढे कधी पेटीचा कोपरा दुखावला तर दुरुस्तीला त्याच झाडाचं लाकूड लागेल, आणि ते बाजारात मिळणार नाही.